उणे सात मुलं

शैलगर्भ तळावरची शाळा बाहेरच्या खोलीत भरायची. चंद्राच्या पोटात खोदलेल्या त्या वसाहतीत तेवढी एकच जागा कोणाला नको होती. खोलीला दोन वायुबंद दारं होती. एक आत, वसाहतीकडे उघडायचं आणि दुसरं बाहेर, थेट चंद्रावर. बाहेरच्या दाराचा सपाट पत्रा प्रशासक उकिडव्यांना फार आवडे. तळावरची प्रत्येक नोटीस ते त्यावर चिकटवत, आणि वाकडी लागली तर उपटून पुन्हा सरळ लावत.

सोनटक्के बाईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या नऊही मुलांना समीकरणं पटापट सुटत, पण शाब्दिक उदाहरण दिसलं की वह्या मिटत. नाव प्रवाहाविरुद्ध जाते म्हणजे काय, हे नदी न पाहिलेल्यांना कसं समजवावं? बापाचं वय मुलाच्या तिप्पट आहे हे वाचून चार्वी म्हणाली होती, "बाई, मग बापालाच विचारलं तर नाही का चालणार?"

म्हणून बाईंनी सोमवारी तळावरचंच उदाहरण घातलं. मोठं माणूस दिवसाला आठ एकक प्राणवायू आणि तीन एकक पाणी वापरतं, मूल पाच आणि दोन. काल तळाच्या श्वासमापकावर एकूण १६५ आणि जलमापकावर ६२ एकक आले. तर मोठी माणसं किती, मुलं किती? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: चौदा आणि नऊ. ते समीकरणातून काढायचं, एवढंच.

मुलांनी मोठ्यांना क्ष मानलं, मुलांना य. उत्तर आलं, मोठी वीस, मुलं एक.

बाईंनी तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच. वर्गात नऊ मुलं बसली होती आणि फळ्यावर एक उरलं होतं. कोणीतरी विचारलं की तो एक कोण. कोणी हसलं नाही.

मंगळवारी बाईंनी नवे आकडे घेतले: १७३ आणि ६४. मोठी सव्वीस. मुलं उणे सात.

संध्याकाळपर्यंत दोन आयांनी मुलांना शाळेत पाठवणार नसल्याचं कळवलं. उकिडवे शांत होते. इथे येण्याआधी त्यांनी एका परीक्षा मंडळात बावीस वर्षं काढली होती. मापकांचे आकडे कमाल मर्यादेच्या आत आहेत, तेव्हा तळावर सर्व ठीक आहे, असं त्यांनी समजावलं.

"बाई, उदाहरणच चुकलंय," ते म्हणाले. "अशा वेळी एकच करायचं असतं. सगळ्यांना पूर्ण गुण देऊन टाकायचे. मी नोटीस काढतो."

बाई जीवशास्त्रज्ञ डॉ. मुकादमांकडे गेल्या. डॉक्टरांनी वही पाहिली, चहा गार होऊ दिला, आणि बुधवारी सकाळी स्वतःच वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. शाळेत न येणारी दोन्ही मुलंही आली होती. घरी भीती जास्त वाटत होती.

"मुलांची चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन समीकरणं दोनच अज्ञातं ओळखतात. तिसरं कोणी आलं तर ती तसं सांगत नाहीत. त्याचा वाटा पहिल्या दोघांच्या अंगाला लावतात. मग मोठी माणसं वाढतात आणि मुलं संपतात."

"म्हणजे तळावर तिसरं कोणीतरी आहे?" बाईंनी विचारलं.

"श्वास घेणारं, पाणी पिणारं. ठरल्यापेक्षा जास्तीचा प्राणवायू शुक्रवारी दोन एकक गेला, शनिवारी चार. तुमच्या सोमवारच्या उदाहरणात आठ, मंगळवारच्या सोळा. आज सकाळी मिळालेल्या कालच्या आकड्यात बत्तीस."

बाईंनी खडू उचलला. फळ्यावर मग त्यांनी क्ष आणि य यांच्या शेजारी झ लिहिला, आणि तीन अज्ञातांना किती समीकरणं लागतात ते विचारलं. सवय, दुसरं काय. तिसरं चार्वीने आणलं: कोठाराची नोंद. मोठ्याला चार पाकिटं, मुलाला तीन. चौदा चोक छप्पन्न, नऊ त्रिक सत्तावीस. काल कोठारातून गेली बरोब्बर त्र्याऐंशी.

"बाई, इथे झचा सहगुणक शून्य आहे," ती म्हणाली. "ते आपलं अन्न खातच नाही."

वर्गाला जरा बरं वाटलं. डॉक्टर मात्र उठून उभे राहिले.

"रोज दुप्पट होणारी वस्तू मला एकच माहीत आहे. बुरशी. भिंतींच्या पत्र्यामागे असेल."

"मग ती खाते काय?"

"आपल्या कोठारातलं सोडून काहीही. रंग. वायरींचं आवरण. रबर."

तळावर रबर मुबलक असं एकाच ठिकाणी होतं: वायुबंद दारांच्या कडांना, हवा अडवणाऱ्या पट्ट्यांत. बाईंनी बाहेरच्या दाराकडे पाहिलं. तिथे उकिडवे पूर्ण गुणांची नोटीस लावत होते. ती थोडी वाकडी लागली होती.

"साहेब, राहू द्या," बाई म्हणाल्या.

उकिडव्यांनी नोटीस उपटली. चिकटपट्टीबरोबर दाराच्या कडेची रबरी पट्टी वीतभर निघून आली, काळी आणि मऊ, भिजलेल्या भाकरीसारखी. मग बारीक शीळ ऐकू आली. फळ्याखालची खडूची भुकटी उठून दाराकडे निघाली.

बाईंनी आवाज चढवला नाही. सहलीला नेतात तशी दोघादोघांची रांग करून त्यांनी मुलं आतल्या दारातून वसाहतीत घातली. मागून डॉक्टर, आणि शेवटी नोटिशीसह उकिडवे. दार मिटलं, खटका बसला, शीळ थांबली. बाईंनी डोक्यांना हात लावत मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊच. उकिडवे म्हणाले की मापकांनी मर्यादा ओलांडली नव्हती, हे कृपया लक्षात घ्यावं.

चार्वी दाराशीच उभी होती. त्या आतल्या दाराच्या कडेवरून तिने बोट फिरवलं आणि ते बाईंना दाखवलं. बोट काळं झालं होतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "झ."