राहू दे, लागेल

माझ्या सासऱ्यांनी गॅरेज बांधलं त्याला आता चाळीस वर्षं होत आली. गाडी अजून यायची आहे. त्या काळी झाशीच्या सीपरी बाजारात मोटार असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि रेल्वेतल्या हेडक्लार्कला मोटार परवडत नाही हे सासऱ्यांनाही ठाऊक होतं. पण घराणं पडलं मराठ्यांच्या सुभेदारांबरोबर इकडे आलेलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत. गाडीच्या आधी गॅरेज उभं राहिलं. लोखंडी शटर बसलं, आत कोबा झाला, आणि गाडी येईपर्यंत म्हणून तिथे पहिली वस्तू ठेवली गेली. ती होती एक मोडकी खुर्ची.

मग जे सुरू झालं ते थांबलंच नाही. पाणी तापवायचा पितळी बंब, गळका कूलर, त्याच्या वाळून काड्या झालेल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या, मराठी समाजाच्या गणपतीचं कधीचं तरी मखर, पाय गेलेले पाट, हँडल नसलेलं पुरणयंत्र, रद्दी, तीन पायांची शिवणाची मशीन. यातलं काही टाकायला निघालं की वरून सासूबाईंचा, म्हणजे माईंचा, आवाज यायचा. "राहू दे, लागेल." या घरात कशाला कधी मरण आलं नाही ते 'राहू दे' या दोन शब्दांमुळे.

माईंची बांधायचीही एक पद्धत होती. सुतळी विकत आणणं म्हणजे उधळपट्टी. जुन्या लुगड्याचे काठ फाडून त्याच्या चिंध्या करायच्या, त्यानं सगळं आवळायचं, दोन गाठी मारायच्या आणि वर एक कान ठेवायचा. कान ओढला की गाठ सुटावी, अशी योजना. माईंनी ओढला की ती सुटायची. मी ओढला की घट्ट व्हायची. फिजिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला, पण त्या गाठीचं गणित मला कधी सुटलं नाही.

माई गेल्या त्याला चार वर्षं झाली. त्यांची लुगडी मी स्वतः मंदिरात देऊन आले. गॅरेजला मात्र हात लावला नव्हता.

या वर्षी मी मुलींच्या इंटर कॉलेजातून निवृत्त झाले आणि ठरवलं, गॅरेज रिकामं करायचं आणि तिथे शिकवणी सुरू करायची. पैशाचा प्रश्न नव्हता. मला एक खोली हवी होती. लग्न होऊन ग्वाल्हेरहून या घरात आले तेव्हापासून कॅलेंडर टांगायलासुद्धा मला माझी भिंत मिळालेली नाही. इथला खिळा सासऱ्यांचा, तिथला कोनाडा देवांचा, ती खिडकी माईंची. माझी पदवीची फ्रेम इतकी वर्षं कपाटाच्या मागे उभी आहे. आता मात्र मी हटून बसले.

आमच्या ह्यांनी, जनार्दनरावांनी, वर्तमानपत्राच्या आडून विचारलं, "एवढ्या उन्हाच्या लपटीत कशाला? दिवाळीला बघू."

दिवाळीला ते होळी म्हणाले असते. माईंना कधी नाही म्हटलं नाही आणि मला कधी हो म्हटलं नाही, असा ह्यांचा संसार. भांडण वाढलं की पान उलटायचं, एवढंच ह्यांना येतं. मी खडू घेऊन खाली उतरले.

कोब्यावर तीन चौकोन आखले. मागच्या भिंतीशी 'ठेवायचं', मध्ये 'द्यायचं', आणि शटरजवळ उजेडात 'भंगार'. दिवसभर उपसत होते. धुळीनं नाक भरलं, मनगटं दुखायला लागली, पण संध्याकाळपर्यंत 'भंगार' छातीएवढं झालं आणि 'ठेवायचं'मध्ये होती फक्त एक शिडी. कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सकाळी शटर उचललं. बंब मागच्या भिंतीशी, 'ठेवायचं'मध्ये उभा होता. शेजारी कूलर. त्याच्या बाजूला खसाच्या जाळ्या, एकीवर एक, कडेला कड लावून. पाट पालथे. मी रागानं फेकलेलं सगळं कुणीतरी मन लावून रचलं होतं.

मी तशीच वर गेले आणि ह्यांना फैलावर घेतलं. टाकायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं, माझ्या पाठीमागे हे उद्योग कशाला? ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी खाली उतरलोच नाही," म्हणाले. आणि मग, "तो बंब मला उचलेल तरी का?" ह्यांच्या कमरेला पट्टा आहे. बंब मलाही झोळीत घालून ओढावा लागला होता. पण तेव्हा मला ते पटवून घ्यायचं नव्हतं.

मी पुन्हा सगळं शटरजवळ आणलं. कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या कमरेला खोचल्या आणि शाळेत शिकवलं तेच केलं. अनुमान नको, निरीक्षण हवं. रांगोळीचं पांढरं पीठ साऱ्या कोब्यावर चाळणीनं पातळ पसरलं. कोण येतं त्याची पावलं उमटतील, मग बघू कोण मला वेड्यात काढतंय.

दुपारी उठून शटर वर केलं. आतून गरम, कोंडलेली हवा आली, आणि तिला खसाचा ओला वास होता. त्या जाळ्यांना पाणी लागून युगं झाली होती. सामान सगळं मागच्या भिंतीशी परत गेलेलं. कोब्यावर एक पाऊल नव्हतं. पीठही नव्हतं. जमीन लख्ख झाडलेली होती, आणि कोपऱ्यात एका जुन्या डब्यात ते पीठ भरून ठेवलं होतं, वाया जाऊ नये म्हणून. डब्याच्या तोंडाला फडकं होतं. फडक्यावर हिरव्या काठाची चिंधी, दोन गाठी, वर एक कान.

मी घाबरले असं म्हटलं तर खोटं होईल. मला संताप आला. मेल्यावरसुद्धा माझं चालू देणार नाही, असा काहीतरी विचार मनात आला, आणि तो आल्याबद्दल स्वतःचाच राग आला. मी शिकलेली बाई आहे. मी तडक कोपऱ्यावर गेले आणि रस्त्यातून चाललेल्या कबाड्याला, भंगारवाल्याला, गाठलं. नवीन माणूस होता, भगवानदास नावाचा. त्याला म्हटलं, सगळं घेऊन जा, आत्ताच्या आत्ता, भाव काय द्यायचा तो दे.

तो ठेल्यावर बंब चढवता चढवता थांबला आणि वर बघून म्हणाला, "बाईजी, अम्मा से पूछ लओ? वे देख रई हैं."

मी वर पाहिलं. बाल्कनीत वाळत घातलेली चादर होती. दुसरं कुणी नव्हतं.

"ऊपर कोई अम्मा नहीं है," मी म्हटलं. "तुम उठाओ."

त्यानं उचललं. शिडीसुद्धा देऊन टाकली. ठेला वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मी गॅरेजच्या दारात उभी राहून मोठ्यानं हसले. पुण्याहून लेकीचा, चारुताचा, फोन आला तर तिला म्हटलं, "तुझ्या आजीचं साम्राज्य बुडालं बघ." ती म्हणाली, "आई, पापा ठीक हैं ना? फोनवर गप्प होते." मी म्हटलं, ते कधी बोलले होते?

पुढच्या दिवसांत भिंतींना चुना झाला. कोबा घासून खडूच्या रेघा धुतल्या. फळा आला, मुलींसाठी चटया आल्या, माझ्यासाठी हातांची एक लाकडी खुर्ची आली. भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकला आणि पदवीची फ्रेम टांगली. खाली उभी राहून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी फ्रेम खिळ्यावर नव्हती. ती शटरजवळ जमिनीवर होती. एकटी नव्हती. माझ्या आईची मुरंब्याची बरणी, जी वर स्वयंपाकघरात असते. माझा लग्नाआधीचा अल्बम. मी पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ. माझ्या वहाणा. माझा वाचायचा चष्मा, जो रात्री मी उशाशी ठेवला होता. सगळं एकावर एक रचून, हिरव्या काठाच्या चिंधीनं आवळून. मी जिथे 'भंगार' लिहिलं होतं, नेमकं तिथेच.

मी ते सगळं पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यात ह्यांचं काही नव्हतं. चारुताचं काही नव्हतं. या घरानं घेतलेलं एकही भांडं नव्हतं. फक्त मी आणलेलं, मी मिळवलेलं. इतकं अचूक वर्गीकरण मलासुद्धा जमलं नसतं.

गाठी कात्रीनं कापल्या. सगळं उराशी धरून वर गेले आणि ह्यांच्यापुढे टेबलावर आदळलं. माझा आवाज चढला होता. मी विचारलं, इतकी वर्षं या घरात राबले, तुमच्या आईचं शेवटपर्यंत केलं, यात माझं म्हणून काय आहे ते एकदा दाखवा. एक तरी वस्तू दाखवा.

ह्यांनी त्या चिंधीकडे पाहिलं. चेहऱ्याचा रंग उतरला, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "राहू दे ना आता, इंदिरा." आणि पान उलटलं.

म्हणजे भांडण राहू दे.

शिकवणीचा पहिला दिवस सोमवार होता. मुली पाचला येणार होत्या. मी मुद्दाम खळ घातलेली सुती साडी नेसले, फळ्यावर तारीख घातली आणि खुर्चीत बसले. खुर्ची शटरजवळ ठेवली होती, तिथे उजेड चांगला. बाहेर लपट चालली होती, रस्ता सुना होता. वर पंखा फिरत होता, ह्यांची खुर्ची कुरकुरत होती. थोडा डोळा लागला असावा.

ठेल्याच्या चाकाच्या आवाजानं जाग आली. शटरसमोर भगवानदास उभा होता, डोक्याला गमछा बांधून.

मी म्हटलं, "आज कुछ नहीं है."

"अम्मा ने ऊपर से आवाज दई," तो म्हणाला. "बोलीं, एक नग और बचो है. बाँध के धरो है, नीचे धरो है."

"मैंने कहा था ना, ऊपर कोई अम्मा नहीं है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो बाल्कनीकडे पाहत होता, वडीलधाऱ्यांसमोर पाहतात तसा, मान जरा खाली घालून. मग म्हणाला, "हओ, अम्मा." आणि ठेल्यावरून वजनाचा काटा उतरवायला लागला.

त्याला चार शब्द सुनावायला मी ताडकन उठले. पदर मागे ओढला गेला आणि मी परत खुर्चीत बसले.

पदराचं टोक खुर्चीच्या हाताला बांधलं होतं. हिरव्या काठाची चिंधी. दोन गाठी. वर एक कान.

मी कान ओढला. गाठ घट्ट झाली.

"अहो," मी हाक मारली. आवाज चढवून, जसा इतकी वर्षं चढवत आले. "अहो, खाली या."

वर खुर्ची कुरकुरली. हे उठले होते. बाल्कनीच्या दारापर्यंत पावलं आणि वर्तमानपत्राची सळसळ आली आणि थांबली. तिथून खाली सगळं दिसतं. मी, खुर्ची, काटा.

भगवानदासनं काटा मांडला, गमछ्यानं घाम पुसला आणि वर बघून विचारलं, "ले जाएँ?"

या घरात मोडक्या पाटासाठी, गळक्या कूलरसाठी, हँडल नसलेल्या पुरणयंत्रासाठी जे दोन शब्द कुणीतरी म्हणायचंच, ते आता कानावर पडतील म्हणून मी कानात प्राण आणून ऐकत राहिले.

वर पान उलटल्याचा आवाज आला.