चोपन्न किलो

बसा पाव्हणं, पोत्यावरच बसा. लाईट गेलीय, पण काटा बॅटरीवर चालतो, टेम्पोनं आलेली तुमची तूर काय अडकत न्हाई. हमाल चहाला गेलेत, ते आले की माप धरू. तोवर ह्या अंधाऱ्या आडतीत बारदान्याचा वास घेत बसायचं, दुसरं काय.

मघाशी तुम्ही हमालाला इचारलं ते ऐकलं बरं का मी. ‘ह्यो मापाडी काट्याला वळसा घालून का चालतो, काटा चावतो का त्याला?’ समदे हसले, मी बी हसलो. चावत न्हाई. पण कारण हाय. येळ हाय तर सांगतो.

मी धम्मानंद. बावीस वर्षं झाली ह्या उदगीरच्या मोंढ्यात माप करायलोय. माणसाच्या जबानीवर मपला इश्वास न्हाई, काट्यावर हाय. भुताखेतावर तर बिलकुल न्हाई. म्हंजे नव्हता.

गेल्या महिन्यात उमाशंकर आला. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. एकोणीस वर्षं हवाई दलात विमानाची इंजिनं खोलून-जोडून रिटायर झालेला माणूस. आल्या आल्या म्हणतो, “धम्मा, तीन काटे दे. एकाच टायमाला पाहिजेत.”

“काय मापायचंय?”

“विमान. तीन चाकं, तीन काटे.”

मी म्हणलं, “मोंढ्यात तूर येते, हरभरा येतो, सोयाबीन येतं. विमानाचा भाव अजून निघाला न्हाई.”

तसं मला ठाऊक व्हतं. सहा वर्षं झाली गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या शेडमधी ते काम चालू व्हतं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर ताणून बसवलेलं कापड, शेजारी-शेजारी दोन सीटा, त्यांच्या बाजूला पातळ पत्र्याची दारं. परवानगीचे कागद फिरून फिरून पिवळे पडले, पण आले. राहिलं इंजिन. विमानाचं म्हणून जे इंजिन परदेशातून येतं, त्याच्या किमतीत आपल्याकडं रान येतं. म्हणून ह्यानं गाडीचं इंजिन बसवलं.

“बसवलं म्हंजे नुसतं उचलून ठेवलं न्हाई,” तो मला सांगायचा. “गाडीत इंजिनला सुट्टी असते. उताराला दम खातं, रेल्वे फाटकापाशी झोपतं. इथं वर जाईस्तोवर छाती फुटस्तोर पळायचंय.” म्हणून त्यानं मोठा रेडिएटर लावला, ठिणगीची सोय दोन-दोनदा केली, आणि इंजिनाच्या निम्म्या वेगानं पंखा फिरावा म्हणून मधी जाड पट्टा घातला. लोखंडी घोड्यावर ठेवून पन्नास तास चालवलं. एकदा खोकलं न्हाई.

आता ते इंजिन कुणाचं, तर गुंडप्पा मामाच्या व्हॅनचं.

तुम्ही देगलूरचे, तुम्ही मामाच्या व्हॅनमधी बसलाच असाल. पांढरी, सात सीटची. उदगीर-देगलूर, उदगीर-देगलूर, आयुष्यभर. आणि एकच कायदा, सीट भरल्याबिगर गाडी हलायची न्हाई. सहा माणसं घामानं निथळत बसलेली, आणि मामा एक्सलेटरवर पाय दाबून घूं… घूं… करून राहिलेत, म्हंजे रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, निघाली आता. “एक सीट, एकच सीट, देगलूर, देगलूर…” वाटेत उतारू उतरला की त्यानं पत्र्यावर दोन थापा मारायच्या. थापा पडल्या की मामा पुढं निघणार. आरशात बघायची त्यांना सवयच न्हाई.

तंबाखू सोडल्यापासनं तोंडात कायम लवंग. बाजारच्या दिवशी आडतीत यायचे, चप्पल काढून ह्याच काट्यावर उभं राहायचे. “बघ रे धम्मा, किती झालो?” चोपन्न किलो. दिवाळीला चोपन्न, उपासाला चोपन्न. मी म्हणायचो, मामा, काटा बिघडला तर तुम्हाला उभं करून दुरुस्त करतो.

गेले ते बी स्टँडवरच. सहा सीटा भरलेल्या, सातवी येईना. मागचे वरडायले, “मामा, चला की.” कुणीतरी पत्र्यावर दोन थापा मारल्या. मामा हलले न्हाईत. स्टेअरिंगवर डोकं टेकून बसल्या जागी गेले व्हते. इंजिन तेवढं चालू व्हतं.

व्हॅन भंगारात निघाली, तवा उमाशंकरनं इंजिन उचललं. म्हणला, मामानं तेल येळेवर बदललंय, असं इंजिन दुसरं मिळायचं न्हाई.

तर मी तीन काटे टेम्पोत घालून माळावर नेले. पेट्रोलसकट तीनशे तेहतीस किलो. त्यानं वहीत लिहिलं, खुशीत शीळ घातली. तेवढ्यात नागम्मा अव्वा भाकरी घेऊन आली. अव्वा म्हंजे त्याची माय. नवरा लवकर गेलेला, एकुलतं एक लेकरू. मला शेडमागं बोलवून घेतलं. म्हणली, “बेड अप्पा, बेड… नको नको म्हणते मी, तर ऐकतो का? तू तरी त्याला एकट्याला वर जाऊ देऊ नको.”

हात धरला व्हता तिनं मपला. मी तोंडानं हाव म्हणून बसलो.

आणि उमाशंकरचा नेम नेमका उलटा. “पहिल्या उड्डाणाला दुसरा माणूस घ्यायचा न्हाई,” म्हणला. “पडलं तर एकच पडावा.” असं बोलून भाकरीचा तुकडा मोडला त्यानं. मी मपली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायला माळावर गेलो. वारा न्हाई, पाखरू न्हाई, ओल्या गवताचा वास. उमाशंकर एकटा बसला, पट्टा बांधला, बटण दाबलं. इंजिन एका झटक्यात चालू. पण जागेवर कसं वाजायलंय, तर घूं… घूं… चढायचं, उतरायचं. चढायचं, उतरायचं. आणि त्यानं वेगाची दांडी पूर्ण पुढं ढकलली की फट्, बंद.

एकदा न्हाई, चारदा. त्यानं पेट्रोल बघितलं, ठिणगी बघितली, कार्बोरेटर खोललं. समदं ठीक. दुसऱ्या सकाळी बी तेच. मी म्हणलं, रिकाम्या सीटमुळं तोल जात असंल, तुरीचं पोतं ठेवू. पन्नास किलोचं पोतं पट्ट्यानं बांधलं. इंजिन घूं… घूं… आणि फट्. मामा काय पोत्याला सीट समजणार व्हते… पण तवा माझ्या ध्यानात आलं न्हाई.

तिसऱ्या सकाळी तो म्हणला, “धम्मा, जरा शेजारी बस आणि हा गरमीचा काटा बघत राहा.” मागं दोरखंडानं विमान खुंटाला बांधलेलं. मी बसलो. पट्टा लावला. त्यानं दांडी पुढं ढकलली… आणि पाव्हणं, काय आवाज निघाला. दोरखंड ताणून कडकड वाजायला लागला, शेडचा पत्रा थरथरला. मी उतरलो, फट्. मी बसलो, चालू. उतरलो, फट्. तीन डाव केलं.

मग दोघांनी बी नाक वर केलं. पेट्रोलच्या वासात दुसरा एक वास मिसळला व्हता.

“तू लवंग खाल्लीस का?” मी इचारलं.

“न्हाई… मला वाटलं तू.”

मी हळूच म्हणलं, “सीट भरल्याबिगर हलत न्हाई रे ते.”

उमाशंकर आधी हसला. मग हसायचा थांबला. टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. “मी तुला नेणार न्हाई,” म्हणला. “इंजिनच बदलतो. अजून दोन वर्षं लागतील.” त्याचं तोंड बघवेना मला. सहा वर्षं झिजला व्हता माणूस. आणि हिकडं अव्वाला मी हाव म्हणलेलं. मी म्हणलं, “सोड ते दोरखंड. मी बसून राहिलो तर ना तू एकटा जाशील, ना मामा अडवतील. दोघांचं बी मन राहतंय.” लई भांडलो आम्ही. त्यानं मला मूर्ख म्हणलं, मी त्याला आडमुठा म्हणलं. शेवटी मी पट्टा बांधून बसलो ते उठलोच न्हाई.

खरं सांगतो, माळ खाली सुटला तवा मी डोळे मिटले व्हते. उघडले तर काय, उदगीरचा किल्ला एवढासा, रेल्वेचे डबे एवढेसे, मोंढ्याचे पत्रे ऊन पडून चमकायलेत. मला हसू फुटलं. उमाशंकर बी हसायलाय, डोळ्यात पाणी. म्हणला, “बघ, उडतंय.” लेकरागत बोलला. मला वाटलं, झालं गेलं समदं वसूल झालं.

मग विमान हळूच वळलं. मी म्हणलं, कुठं नेतोस? तो म्हणला, “मी न्हाई वळवलं…”

खाली देगलूरचा रस्ता व्हता. रस्त्याला वळण आलं की आम्ही बी वळायचो. उमाशंकर दोन्ही हातानं वळवायचा दांडा धरून बसला, कपाळावर घाम. लवंगेचा वास एवढा दाटला की डोळे चुरचुरले. आणि पुढं चिंचेची पाटी आली, झाडाखालचा थांबा. तीच, जिथं मामा हमखास थांबायचे. बरोबर चिंचेच्या झाडावर आलो… आणि इंजिन मंद झालं. घूं… घूं… घूं…

पंखा डोळ्याला दिसायला लागला. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. नाक खाली झुकलं. उमाशंकरनं दांडी पुढं ढकलली, मागं ओढली, काही न्हाई. त्याचे ओठ पांढरे पडले. “धम्मा,” म्हणला, “अव्वाला सांग…” मी म्हणलं, अरे मी बी हितंच हाय, मी कुठला सांगतो.

चिंचेच्या फांद्या मोजता येतील एवढ्या जवळ आल्या. आणि मला एकाएकी उमगलं. मामा थांबलेत. उतारूची वाट बघायलेत. मी हात बाहेर काढला, बाजूच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. “मामा… हितं कुणी उतरत न्हाई. चला पुढं.”

एक क्षण काहीच न्हाई.

मग इंजिननं दम भरला. सीटला पाठ चिकटली. चिंच खाली गेली, रस्ता खाली गेला, आणि उमाशंकर बापडा एवढा मोठ्यानं हसला की इंजिनाच्या आवाजात बी ऐकू आलं.

माळावर चाकं टेकली तवा अव्वा शेडपाशी उभी. मी शेजारच्या सीटवरून उतरलो तशी तिनं आधी मपल्याच गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिघंबी हसलो. उमाशंकरला घाई, पेट्रोल किती जळलं ते वजनावर बघायचं. विमान ढकलून तीन काट्यांवर चढवलं. तीनशे सत्तावीस-अठ्ठावीस यायला पाहिजे व्हतं. मी तिन्ही आकड्यांची बेरीज केली. तीनशे एक्क्याऐंशी.

परत केली. तीनशे एक्क्याऐंशी.

चोपन्न जास्त, हे सांगायला मला वही लागली न्हाई. मी शेजारच्या सीटकडं बघितलं. उतरायच्या गडबडीत पट्टा मी तसाच लोंबत टाकला व्हता. तो आता बांधलेला व्हता, गच्च, बारीक अंगाच्या माणसाला बसावा तसा.

उमाशंकर मागं सरकला. मी मात्र दार उघडून अदबीनं म्हणलं, “मामा, उतरा. उदगीर आलं.”

पट्टा खळ्ळकन सुटला. आकडा तीनशे सत्तावीसवर आला.

त्या दिवसापासनं उमाशंकर सकाळी एकटा उडतो. दांडी ढकलली की इंजिन पळतं. घूं घूं न्हाई, लवंग न्हाई, नुसतं इंजिन हाय. अव्वा बी आता भीत न्हाई, म्हणते, एकदा धम्मानं सोबत केली, आता माझ्या लेकराला भेव न्हाई. बरं वाटतं ऐकून.

पण पाव्हणं, मी मामाला ‘उतरा’ म्हणलं. पुढं कुठं जा, ते सांगायचं राहून गेलं.

काटे घेऊन मी मोंढ्यात आलो आणि सवयीनं काट्यावर चढलो. मपलं वजन बहात्तर. आकडा आला एकशे सव्वीस.

हसताय? बघा, चढतो. अंधारात ते लाल आकडे चांगले दिसतात, वाचा. एकशे सव्वीस, बरोबर? आता उतरतो… वाचा आता. मोठ्यानं वाचा.

चोपन्न.

काट्यावर काही न्हाई. हात फिरवून बघता? नका फिरवू. वडीलधाऱ्या माणसाला असं चाचपू नये.

भेऊ नका हो. मामा कुणाला तरास देत न्हाईत. सायकल जरा जड चालते घरी जाताना, बाकी काही न्हाई. फक्त कुणी एकटं निघालं, शेजारची नाहीतर मागची सीट रिकामी दिसली, की त्यांना करमत न्हाई.

हे बघा, हमाल आले. उठा, तुमची तूर घेऊ… थांबा. आकडा बघा की. शून्य. आत्ता तर चोपन्न व्हतं.

पाव्हणं, तुमची फटफटी दारातच उभी हाय न्हवं? आणि तुम्ही एकटेच… देगलूरला निघालाय.

काही न्हाई, काही न्हाई. सावकाश जावा. चिंचेच्या पाटीवर गाडी आपोआप मंद झाली, तर टाकीवर दोन थापा मारा.