अठ्ठेचाळीस आकडे

चूक बापाची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या घरात चूक कुणाची हे शेवटपर्यंत कुणी बोलत नाही.

बाप पाणीखात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेला. निवृत्त साहेबांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथे सकाळ-संध्याकाळ एकमेकांना शहाणं करायचा उद्योग चाले. त्यात कुणीतरी जुना कॉम्प्युटर वेगात पळवायचा उपाय पाठवला. सुरू होताना अमुक बटण दाबा, आतल्या सेटिंगमध्ये शिरा, हे बदला, ते बंद करा. बापाने ते सगळं कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि एकेक कलम पार पाडून पुढे बरोबरची खूण केली. नोकरीतही त्याने जन्मभर असंच काम केलं होतं. काय करतोय ते कळायचं नाही, पण टापटीप बघावी. कॉम्प्युटर जो बसला तो पुन्हा उठलाच नाही.

मग धाकट्याला फोन गेला.

धाकट्याने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं. एका दुकानात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बाप चारचौघांत म्हणे, मुलगा कॉम्प्युटर लाइनमध्ये आहे, आणि घरात त्याचं नाव काढत नसे. पास होऊन ये, नाहीतर येऊ नकोस, असं त्याने बजावलं होतं. धाकट्याने बापाचं ऐकलं ते आयुष्यात तेवढंच. मधले दोन दिवस सोडले तर दीड वर्ष तो फिरकला नाही. त्या दीड वर्षात आई आजारी पडली आणि गेली.

आता तो आला तो बापाखातर नाही. त्या कॉम्प्युटरवर आईचा आवाज होता. शेवटी तिचा उजवा हात चालेना, लिहिणं बंद झालं, तेव्हा ती एकदा माइक लावून बोलली होती. फोनवर म्हणाली होती, "तुझ्यासाठी आहे. चारच मिनिटांचं आहे रे. येऊन ऐक." फाइलला नावही 'धाकटा' दिलं होतं. ती गेली तेव्हा तो दोन दिवस घरी होता. फाइल पडद्यावर समोर दिसत होती, पण घरभर माणसं, आणि खरं सांगायचं तर धीर झाला नाही. नंतर ऐकू म्हणाला. त्या नंतरला आठ महिने झाले होते.

दुपारचे तीन वाजले होते. आईच्या खोलीचे पडदे ओढलेले होते आणि ते कुणी उघडले नसावेत. आत तिच्या दुखऱ्या हाताला लावायच्या मलमाचा वास होता. फार नाही, उशीला राहतो तेवढा. बापाने दारातूनच सांगितलं की आपण काहीही केलेलं नाही, यंत्र आपोआप बंद पडलं. मग तो झोपायला गेला. खुणा केलेला कागद धाकट्याला कीबोर्डखाली सापडला. पाच कलमं, पाच खुणा.

कामाला त्याला उजेड हवा होता. विजेच्या बोर्डावर जागा तीनच. म्हणून त्याने स्पीकरची पिन काढली आणि तिथे आपला दिवा लावला. पिन जमिनीवर टाकून दिली. हे लक्षात ठेवा.

त्याने डब्याची बाजू उघडली, धूळ फुंकली. आत बटणाएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर यंत्र आपली सेटिंग लक्षात ठेवतं. मुख्य पिन काढून त्याने ती बॅटरी बाहेर घेतली, दहा मिनिटं थांबला, म्हणजे बापाने शिकवलेलं सगळं यंत्र विसरेल. आपल्यालाही असं करता आलं असतं तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं. बॅटरी बसवली, मुख्य पिन परत लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, आतून एक बारीक पीं आली आणि पडदा निळा झाला.

निळ्या पडद्यावर एकच मागणी होती. किल्लीचे अठ्ठेचाळीस आकडे टाका.

बापाने उचकापाचक करू नये म्हणून आईने धाकट्याकडूनच डिस्कला कुलूप लावून घेतलं होतं. रोजची किल्ली यंत्रातल्या एका चिपमध्ये असते, माणसाला काही करावं लागत नाही. बापाचं पाचवं कलम होतं, सुरक्षा चिप रिकामी करा. पुढे बरोबरची खूण. आता उरली ती कागदावरची किल्ली. आईने ती स्वतः लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. धाकट्याने ड्रॉवर ओढला. आत नवा कागद अंथरलेला, त्यावर बापाची पेनं ओळीने.

तो बापाच्या खोलीत गेला. "आईच्या ड्रॉवरमधले कागद कुठे आहेत?"

"रद्दीत दिले," बाप डोळे न उघडता म्हणाला. "कागदच तर होते."

धाकटा परत येऊन बसला. त्याला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. बापाचा, त्या ग्रुपचा आणि थोडा आईचाही, की या माणसाच्या घरात तिने असली वस्तू कागदावर ठेवली. तो चिडून मोठ्याने म्हणाला, "आई, आता तूच सांग आकडे."

स्पीकरमध्ये खर्र झालं. मग कुणीतरी खोकलं.

"चार... पूज्य... सात..."

शून्याला पूज्य म्हणणारं त्याच्या ओळखीत एकच माणूस होतं.

त्याने खाली पाहिलं. स्पीकरची पिन त्याच्या अंगठ्याजवळ पडलेली होती. शिवाय यंत्र या अवस्थेत असताना त्यातून बोलणं निघू शकत नाही. पीं निघते, बोलणं नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, हे त्याचं पोट होतं. त्याने चार दाबला. पूज्य दाबलं. सात दाबला.

सहा आकडे झाले की ती थांबायची, त्याचं होईस्तोवर. एकदा त्याचं बोट चुकलं.

"अंहं..." ती म्हणाली. आणि तो आकडा पुन्हा सांगितला.

मलमाचा वास आता खोलीत नव्हता, त्याच्या उजव्या खांद्यापाशी होता. लहानपणी अभ्यास घेताना ती तिथेच उभी राहायची. त्याने मान वळवली नाही. शेवटचा आकडा टाकला, आणि मागे कुणीतरी लांब श्वास घेतला.

"आता ऐक..."

दाराची कडी वाजली. बाप आत डोकावला. "कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशी नाही."

स्पीकर गप्प झाले. पडद्यावर आईने लावलेलं जुनं चित्र आलं, खाली सगळ्या फाइली जागच्या जागी. बापाने चष्मा सावरून पाहिलं. "झाला ना सुरू? मग एवढं काय होतं त्यात." आणि तो चहा टाकायला निघून गेला.

धाकट्याने दिवा काढून स्पीकरची पिन लावली. 'धाकटा' फाइल होती. चार मिनिटांची. तारीख गेल्या वर्षीची, ती हयात असतानाची. त्याने ती सुरू केली.

खर्र. खोकला. "चार... पूज्य... सात..."

मध्ये मध्ये कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. बोट चुकलं ती जागा आली. "अंहं..." आली. सगळे अठ्ठेचाळीस आकडे झाले, लांब श्वास आला. "आता ऐक..." मग दाराची कडी, बापाचा आवाज, कुणाशी बोलतोयस, आणि त्याचा स्वतःचा, कुणाशी नाही. फाइल तिथे संपली.

त्याने ती पुन्हा लावली, मग पुन्हा. दुसरं काही नव्हतं. फोटो, बिलं, बापाचे जुने अर्ज, सगळं शाबूत होतं. बदललं होतं ते एवढंच, आणि तारीख सांगत होती की तेही बदललेलं नाही.

आईने त्याच्यासाठी चार मिनिटं ठेवली होती. ती आकड्यांत गेली. तिला त्याला काय सांगायचं होतं, ते त्याला माहीत नाही.