केसभर उतार

ध्वनिकक्षात यंत्राने घासलेल्या, तंबोऱ्याच्या घोडीवरची तार छेडली गेली आणि डॉ. रेवती हळबे क्षणभर विसरल्या, की आपण इथे निवाडा करायला बसलो आहोत. तंबोरा इतका गोड बोलत होता. शोधहक्क न्यायपीठाच्या या प्रयोगशाळेत त्यांनी वीस वर्षांत शेकडो यंत्रं तपासली होती, पण भान हरपावं असं एकही निघालं नव्हतं.

"तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर केसभर उतार आहे," कंपनीचे संशोधक अन्वय केळुसकर म्हणाले. "त्यामुळे तारेतले बारीक उपस्वर उठतात. संग्रहालयांतल्या तीनशे तंबोऱ्यांत हा उतार नाही. आमच्या हस्तानुकारी यंत्राने तो स्वतः शोधला."

"यंत्र शिकलं कुणाकडून?"

"या दस्तगीरचाचांकडून. तीन वर्षं त्यांच्या हातांत आमचे संवेदी मोजे होते."

दस्तगीर मुजावर मिरजेहून आले होते. वय एकाहत्तर. त्यातली पंचावन्न वर्षं तंबोऱ्याची जवारी लावण्यात, म्हणजे तार झणकावी अशी घोडी घासण्यात गेलेली. यंत्राने स्वतः लावलेला शोध यंत्राच्या मालकाचा, असा नवा कायदा होता. कंपनी जिंकली, तर तसा उतार काढायला चाचांना तिची परवानगी लागणार होती. आणि त्यांच्या हातच्या प्रत्येक घोडीवर तो होता! तो त्यांनी यंत्राचं बघून उचलला, असं कंपनीचं म्हणणं. जुना पुरावा नव्हता, कारण घोडी तारांनी झिजते आणि दर दोन वर्षांनी पुन्हा घासावी लागते.

"चाचा, उतार तुमचाच ना?" हळबेंनी जवळजवळ उत्तरच सुचवलं.

"न्हाई बाई. माझी घोडी सरळ असती. वडलांनी शिकवली तशी. खोटं कशाला बोलू?"

असा साक्षीदार वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. केळुसकरसुद्धा ओशाळले.

हळबेंना मात्र एक गोष्ट खटकली. प्रश्न ऐकताना चाचा त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी श्रवणतज्ज्ञांना बोलावलं. तासाभरात चाचांचा श्रवणालेख पडद्यावर आला. उंच स्वरांकडे जाताना रेषा घसरत गेली होती. हळबेंनी त्यावर घोडीच्या उपस्वरांचा आलेख ठेवला. कान जिथे जितका उणा, तिथे घोडी तितकीच अधिक होती.

केळुसकर उठून उभे राहिले. "बाई, आमच्या यंत्राला कान नाहीत, ते फक्त हात गिरवतं. मोजे चढवण्याआधी आम्ही चाचांचे वैद्यकीय कागद घेतले होते; मिरजेच्या डॉक्टरांकडे त्यांच्या कानांची नोंद दहा वर्षांपूर्वीची आहे. कान कमी होत गेला, तसे चाचा ऐकू येईपर्यंत घासत गेले. मी अर्ज मागे घेतो." कंपनी त्यांचं काय करायचं ते करो, माणूस सोन्यासारखा.

हळबेंनी निवाडा दिला. शोध दस्तगीर मुजावर यांचा. नकळत लागलेल्या शोधावरच्या हक्काची मुदत तो शोधकाला कळल्यापासून वीस वर्षं. आता शोधकाने स्वतः ऐकून सही करायची, एवढंच उरलं होतं. श्रवणतज्ज्ञांनी चाचांच्या कानांत श्रवणयंत्रं बसवली आणि तार छेडली.

चाचांचा चेहरा उतरला.

"या अल्ला! किती कर्कश! ही जवारी लावली कुणी?"

"यंत्राने, पण हात तुमचाच," हळबे म्हणाल्या. "तुम्ही दहा वर्षं अशीच लावताय. गवई यावरच तर जीव टाकतात, चाचा."

"त्यांचं ऱ्हाऊ द्या. वडील असते तर हातावर कानस मारली असती."

"सही करा, चाचा," केळुसकर कळवळून म्हणाले. "नाहीतर उद्या दुसरं कुणी हक्क सांगेल."

"करतो की. चूक माझी हाय, दुसऱ्याच्या नावावर कशाला?" चाचांनी सावकाश सही केली. मग विचारलं, "आता माझ्या परवानगीबिगर असली घोडी कुणालाच करता यायची न्हाई?"

"वीस वर्षं कुणालाच नाही. यंत्रालाही नाही," हळबे अभिमानाने म्हणाल्या.

"मग लिहून घ्या, मी कुणालाच परवानगी देत न्हाई." चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला. "आन कानस असली तर द्या बाई. हा तेवढा सरळ करून जातो."