सरासरी गावातला मोगरा

निंबाळवाडीच्या फाट्यावर काळीपिवळी जीपमधून उतरता उतरता प्रमोदच्या बॅगेत सपनाची ओढणी अडकली, आणि दोघंही जागच्या जागी थबकले. वैशाखाचं ऊन, कुठंतरी वाळत घातलेल्या हळदीचा वास, तिच्या केसांत मोगऱ्याचा गजरा... ओढणी सोडवायला त्याला अंमळ जास्तच वेळ लागला.

"कोणाकडं आलात?" तिनं विचारलं.

"कोणाकडं नाही, गावाकडंच. देशातलं सगळ्यात सरासरी गाव शोधतोय आम्ही सर्वेवाले. आकडे म्हणतात, ते तुमचं निंबाळवाडी. घरोघरी फिरून खरं निघालं, तर वर्षभर इथंच काम. नाहीतर मी चाललो ओडिशाला, यादीतलं पुढचं गाव बघायला."

"सरासरी... म्हंजे मधलंच?"

"मधलंच. ना फार वर, ना फार खाली."

झालं! सपनाचं नाक लाल. पोरगी बी.एस्सी. झालेली, सरासरी तिला चांगली कळत होती. पण गावाची गोष्ट निघाली की शिक्षण गेलं चुलीत. दिवस मावळायच्या आत तिनं घरोघर निरोप दिला – पाहुण्याला दाखवून द्या, आपण काय चीज आहोत.

गावानं दाखवलं. सपनाच्या घरचा लाल फ्रिज हातगाड्यावर चढला. पाहुणा रामजीकडं, तर फ्रिज रामजीकडं. पाहुणा ओट्यावर गप्पा मारेस्तोवर फ्रिज मागच्या बोळातून गोजरबाईकडं. त्याला थंड व्हायला फुरसत कुठली? आत माठातलं पाणी ठेवून भागवलं.

प्रमोद मात्र घरोघरी फ्रिजचं पाणी मागत मजेत फिरत राहिला. संध्याकाळी सपनाच्या वडलांच्या, म्हणजे अमृतराव आबांच्या ओट्यावर टेकायचा. सपना चहा आणायची. कप घेताना तो वर बघायचा, ती खाली बघायची... मग उलट. हळदीनं पिवळे झालेले त्याचे बूट दारात दिसले की तिला उगीच बरं वाटायचं. अहो, उगीच कसलं? पोरगी प्रेमात पडली होती, सरळ सांगायचं तर.

आणि एका सकाळी प्रमोद बॅग घेऊन फाट्याकडं निघालेला दिसला. फ्रिज फिरवून गाव आपणच मोठं केलं... म्हणजे याला ओडिशाला आपणच धाडलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! चप्पल सरकवून ती धावत सुटली.

"थांबा..." तिला धाप लागली होती. "ते फ्रिज खोटे हायेत. एकच हाय, आमचा. मीच सांगितलं सगळ्यांना. गाव मधलंच हाय आमचं. तसंच लिहा."

"आणि गावाची शान?"

"शान ऱ्हाऊ द्या तिकडं. तुमी जाऊन राहिले ना..."

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग हसला.

"हिंगोलीला जाऊन राहिलोय. गादी आणायला. वर्षभर राहायचं तर गादी नको? फ्रिज मी एकच लिहिलाय, सपना. पहिल्याच दिवशी कळलं. ज्या घरी फ्रिज उघडला, तिथं आत वाटीत ओल्या फडक्यावर तुमचा गजरा."

सपनानं जीभ चावली. रात्री ठेवलेला गजरा... काढायचं भान कुणाला होतं?

"कळलं व्हतं, तर मंग घरोघरी पाणी काहून मागत फिरलात?"

प्रमोद बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"तहान नव्हती लागली," तो हळूच म्हणाला. "तो वास... दिवसभर तुम्ही सोबत असल्यासारखं वाटायचं."

काळीपिवळी आली, हॉर्न वाजवून थांबली. तो चढेना, ती हलेना. ड्रायव्हरनं वैतागून पुन्हा हॉर्न दिला. तेव्हा सपनानं केसांतला गजरा काढून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि पाठ फिरवली.

चार पावलं जाऊन ती वळली.

"गादी एकट्यापुरतीच आणा सध्या," ती म्हणाली. "पुढचं आबाला विचारा."