घर ओळखा

मूर्खपणा माझाच, हे आधीच कबूल करते, म्हणजे तुम्हाला मध्येच सांगावं लागणार नाही. आई गेली, आणि मी ऑफिसला कळवलं, ताप आलाय.

आमचं ऑफिस म्हणजे तरी काय, पाच जणांची पाच घरं. बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी आम्ही फोनवर घेतो. गिऱ्हाईक फोन मशीनजवळ धरतं आणि आम्ही नुसत्या आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय की खिशातलं नाणं अडकलंय. कानाने तयार माणसं, पण एकमेकांशी चकार शब्द बोलायची नाहीत. वरून हुकूम आला, टीममध्ये आपुलकी वाढवा. टीमची मुख्य मी. आपुलकी काय फेस आहे, पावडर टाकली की वाढायला? शेवटी एक खेळ काढला. दुपारच्या चहाला व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी गुपचूप मेसेज करीन त्याने माईक उघडून गप्प बसायचं. बाकीच्यांनी आवाजावरून घर ओळखायचं. आणि नियम एकच, एका वेळी एकानेच बोलायचं.

माझं घर चटकन ओळखू यायचं. आईची चार पायांची काठी! टक्... टक्... आणि मागून खर्रर्र, कारण एका पायाचं रबर गेलं होतं. माझी पाळी आली की आई मुद्दाम खोलीभर फिरायची, लबाड. "मॅडम, रबर बसवा हो," टीममधले मेकॅनिककाका दर वेळी म्हणायचे. मी रबर आणलं. ड्रॉवरमध्ये टाकलं. उद्या बसवू, उद्या बसवू.

राहूनच गेलं.

नंतर आमची धाकटी, टीममधली सगळ्यात नवी मुलगी, विचारायची, "आई कशा आहेत?" मी म्हणायचे, "चाललंय." फसवायचं नव्हतं हो कुणाला. पण तेवढ्यापुरती आई चार घरांत जिवंत असायची. रिकामं काय ते माझंच.

खेळात माझी पाळी मी टाळत राहिले. एक दिवस धाकटी रुसलीच. "मॅडम, तुमचं घर आता ऐकवतच नाही तुम्ही." म्हटलं, ऐकू दे. काठी वाजली नाही की आपोआप कळेल सगळ्यांना. तोंडाने सांगायचा माझा धीरच होत नव्हता.

माईक उघडला. बाहेर आभाळ भरून आलेलं, भर दुपारी खोलीत अंधार. फ्रिजची घरघर, बाकी काही नाही. काठी तर मी केव्हाच दवाखान्याला देऊन टाकली होती.

"मॅडमचं घर!" धाकटी लगेच हसली. "काठी!"

मी पडद्याकडे वाकले. "काय... काय ऐकू येतंय?"

"टक् टक्. तुमच्या मागेच फिरतायत ना आई..."

मागे कुणी नव्हतं. नुसता बामचा वास होता. ती गुडघ्यांना चोळायची, तो.

काकांनी मिटल्या डोळ्यांनीच मान डोलावली. "रबर बसवलंत वाटतं. खरखर गेली."

मी माईक बंद केला. ड्रॉवर ओढला. रबराचं पाकीट तिथेच होतं. फाडलेलं... रिकामं.

कितीतरी वेळ खोलीच्या मधोमध कान देऊन उभी राहिले. अगं, एकदा तरी... माझ्याच घरात येतेस, आणि मला सोडून सगळ्यांना? काही नाही. फ्रिज.

परत येऊन बसले आणि धडाधडा सगळं सांगून टाकलं. तापाचं खोटं, दवाखाना, ते रबर. रडत, नाक पुसत. पडद्यावर चौघंही माना पुढे करून ऐकत होते. धाकटी डोळे पुसत होती आणि मध्येच हसतही होती. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

"अहो, बोला ना काहीतरी... कुणीतरी..."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात," ते शांतपणे म्हणाले. "आईंचं बोलून होऊ दे, मग तुम्ही बोला."