बाहेरून अडसर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी कुणाचे पाय धरणार नाहीये. पण माझ्या दादाचा जबडा अजून तारेने बांधलेला आहे, आणि ते काही मला पडलेलं स्वप्न नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. दादाच्या नव्या घरातली, जिन्याखालच्या खोलीतली.

मी घरांचे नकाशे काढते. आमच्या धंद्यात एक सोय असते. एका कामासाठी काढलेलं दार, खिडकी, कठडा कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचा आणि पुढच्या कामात उचलून लावायचा. त्याला आम्ही डिटेल म्हणतो. सगळ्या नकाशांत ते एकमेकांशी जोडलेलं असतं. एका जागी बदललं की सगळीकडे आपोआप बदलतं.

दादाच्या अडगळीच्या खोलीला दार हवं होतं. साठ्यात एक तयार होतं, काढलेलंही सुबक. उचललं, लावलं, मोकळी झाले.

दार बसवायच्या दिवशी सुतारमामांचा फोन आला.

"ताई, दाराला आतल्या अंगाने लोखंडी पत्रा दाखवलाय. आणि अडसर बाहेरून. आत काय ठेवणार, वाघ?"

मी नकाशा उघडला. खरंच की. अडसर माणूस आतून घालतो, बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून. हा बाहेरून होता.

मामांच्या शेजारून दादा म्हणाला, "राहू दे गं, दणकट आहे. चोर आला तर त्यालाच कोंडू."

आम्ही सगळे हसलो.

ते राहायला गेले आणि आठवड्यातच वहिनीचा फोन आला. "तुझ्या त्या खोलीत उंदीर झालेत. दुपारची जेवणं आटोपली की सुरू होतात."

"औषध टाक."

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली...

"उंदीर लाथा मारत नाहीत गं."

मी लगेच गेले. अडसर काढला, दार उघडलं. आत रंगाचे डबे आणि एक बंद पडलेला पंखा. बाकी काही नाही.

पण पत्रा...

पत्र्याला खांद्याच्या उंचीवर खोल पोचे पडले होते. आतून पडलेले. एका पोच्यात रक्त सुकलं होतं आणि त्यात केसांचा पुंजका चिकटला होता.

मी अडसर परत घातला. तळव्याने ठोकून पक्का बसवला.

ऑफिसात पोचते तोवर आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, एका डॉक्टरांचा निरोप आलेला. त्यांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीचा पत्रा आतून फाटला होता. ते दारसुद्धा त्याच डिटेलवरून केलेलं.

आमच्याकडे एक नकाशे काढणारा आहे. सगळे त्याला झेरॉक्स म्हणतात, का ते सांगायला नको. ते दार साठ्यात त्यानेच घातलेलं, म्हणून मी सरळ त्याच्या टेबलापाशी गेले.

"हे दार कुठून आणलंस?"

तो चाचरत बोलला. एका जुन्या घराची आहेत तशी मापं घ्यायला गेला होता. मालकाने बजावलं होतं, जिन्याखालचं दार उघडायचं नाही, आत पत्रा आहे एवढं लिहा आणि निघा.

"मी नाही उघडलं. फक्त जाडी कळावी म्हणून बोटाने टकटक केलं. दोनदा."

"मग?"

"आतूनही झालं. दोनदा."

"आणि ते घर?"

"पाडलं. ते दार न उघडताच."

"मग मेल्या, दार साठ्यात कशाला ठेवलंस?"

"काढून झालं होतं ना. वाया कशाला घालवायचं?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याहून जास्त त्या आतल्याची कणव आली. खरंच आली. कुणालातरी तिथे कोंडून मारलं असणार. आणि ते घर पाडल्यावरही आम्ही त्याला नव्या नव्या घरांत कोंडत होतो.

मी डिटेल उघडलं. अडसर निवडला आणि पुसून टाकला.

सगळ्या नकाशांतून तो गेला.

लगेच वहिनीचा फोन. "अगं, थांबलं. एकदम शांत झालं." मला रडूच आलं.

"पण तू अडसर कधी नेलास?"

"मी नाही नेला."

"आत्ता होता. तो अडकवायचे आकडेही नाहीत. चौकट गुळगुळीत आहे, कधी काही नव्हतंच जसं..."

मागून दादाचा आवाज आला. "सरक, मी बघतो."

मी ओरडले, नको. बिजागरी करकरली.

मग ओले कपडे दगडावर आपटावेत तसा आवाज आला. पुन्हा. पुन्हा.

वहिनी ओरडत नव्हती. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

दादाचा जबडा मोडला, बरगड्या मोडल्या, डावा डोळा गेला. त्याच वेळी दवाखान्यात डॉक्टरांचा कंपाउंडर मेला. त्याचं डोकं त्या पत्र्यात रुतलं होतं, ओढून काढावं लागलं. पोलिसांनी दोन्हीकडे चोर लिहून घेतला.

मी नकाशात अडसर परत काढून पाहिला. त्या दारांवर काही आलं नाही.

दादा इस्पितळातून घरी आला तो थेट जिन्याखालच्या खोलीत शिरला. त्याने दार ओढून घेतलं आणि दात न उघडता बोलला.

"आतून लावा. ते आता बाहेर आहे."

सुतारमामांनी तिथे आतून अडसर बसवला. वहिनी जेवणाचं ताट दाराशी ठेवते. तिने हाक मारल्याशिवाय तो उघडत नाही.

माझ्या खोलीलाही मी तसंच करून घेतलं. त्याचं चित्र कागदावर हाताने काढलं, कुठूनही उचललं नाही. मामा या वेळी हसले नाहीत.

"आत काय ठेवणार, ताई?"

"मला," मी म्हणाले.

हे लिहितेय तेव्हा दुपार आहे. घरात मी एकटीच आहे. अडसर घातलेला आहे.

मघाशी कुणीतरी बाहेरून दार वाजवलं. जोरात नाही... जाडी बघावी तसं. दोनदा.